टर्बो गाडीचं इनटेक मॅनिफोल्ड आणि त्यातल्या हवेच्या लाटा: नेहमी विचारले जाणारे प्रश्न

कुपवाडला आमचं छोटं शेड आहे, दोन लेथ, एक आर्गन वेल्डिंगचं मशीन आणि भिंतीला टांगलेली जुनी मॅनिफोल्डं, म्हणजे इंजिनच्या सिलेंडरना हवा वाटून देणाऱ्या नळ्यांची जोडणी. टर्बो, म्हणजे एक्झॉस्टच्या धुरावर फिरून इंजिनात हवा दाबून भरणारा पंप, तो बसवायची हौस असलेली पोरं येतात, ऊसवाहतुकीचे ट्रॅक्टरवाले येतात, कॉलेजची रेसिंग कार बनवणारी मुलं येतात, कुणी वालचंदची, कुणी कराडची. प्रश्न मात्र फिरून फिरून तेच, आणि घाईत उत्तर दिलं की अर्धवट राहतं, म्हणून एकदा बसून सगळं लिहून काढलंय.

दादा, टर्बो हवा ढकलतोयच की, मग मॅनिफोल्ड कसंही असलं तर काय फरक पडतो?

लई फरक पडतो. मीटरवर दिसणारा बूस्ट, म्हणजे बाहेरच्या हवेपेक्षा जास्तीचा दाब, हा प्लेनमचा, म्हणजे मॅनिफोल्डच्या मोठ्या डब्याचा, सरासरी दाब असतो. सिलेंडरला सरासरीशी काही देणंघेणं नाही, इनटेक व्हॉल्व्ह बंद होतो त्या क्षणी व्हॉल्व्हच्या तोंडाशी जेवढा दाब असेल तेवढीच हवा आत अडकते. आणि व्हॉल्व्हच्या तोंडाशी दाब सारखा वरखाली होत असतो. टर्बो बसवला म्हणून हे वरखाली होणं थांबत नाही, उलट मूळ दाब दुप्पट झाला की ते पण साधारण त्याच पटीत मोठं होतं. साध्या, म्हणजे बिनटर्बोच्या, इंजिनला लाटेनं १० टक्के हवा जास्त मिळत असेल तर दोन बार पूर्ण दाबावर पण १० टक्केच मिळणार, पण हे १० टक्के आता दुप्पट हवेचे. नुकसान असलं तर तेही दुप्पट हवेचं.

लाट लाट म्हणता, पण पाइपात हवेची लाट कशी काय?

नदीवरनं उपसा सिंचनाची लाइन आणलेल्या माणसाला हे लगेच समजतं. लाइट गेली की पंप थांबतो, पण पुढचं पाणी आपल्या वजनानं वर चालतच राहतं, त्यामुळं पंपाजवळ दाब पडतो. दाब पडल्याची ही बातमी पाइपातून वरच्या हौदापर्यंत जाते, तिथनं उलटते आणि पाणी मागं फिरून खाली येतं, मग नॉन रिटर्न व्हॉल्व्ह असा आपटतो की मळ्यातनं ऐकू येतो. इनटेकमध्ये पण हेच होतं, फक्त पाण्याच्या जागी हवा आणि सगळा खेळ सेकंदाच्या हजाराव्या भागांचा.

पिस्टन खाली जातो, व्हॉल्व्हजवळ दाब पडतो, ती पडीची लाट रनरमधून, म्हणजे प्लेनमपासून त्या सिलेंडरला येणाऱ्या नळीतून, प्लेनमकडं पळते. रनर प्लेनममध्ये उघडतो तिथं उघडं तोंड भेटलं की लाट उलटी होऊन फिरते, पडीची गेलेली चढीची होऊन परत येते. ती परत आलेली चढीची लाट बरोबर व्हॉल्व्ह बंद व्हायच्या जरा आधी पोचली तर जाताजाता थोडी हवा अजून आत कोंबते, आणि चुकीच्या वेळी पडीची लाट आली तर आत गेलेली हवाच बाहेर ओढते. बंद तोंडावर मात्र लाट उलटत नाही, चढीची आली तर चढीचीच परत जाते, हे लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

मग रनरची लांबी किती ठेवायची? एक आकडा सांगा.

एक आकडा नाही, पण हिशोब सोपा आहे. लाट जाऊन परत यायला क्रँक साधारण ९० डिग्री फिरायला हवा असं मी सुरुवातीला धरतो. ६००० आरपीएमला (मिनिटाला ६००० फेरे) एक फेरा १० मिलिसेकंदांचा, म्हणजे ९० डिग्रीला २.५ मिलिसेकंद. इंटरकूलरनंतरच्या (टर्बोनं तापलेली हवा थंड करणारा रेडिएटर) ६३ डिग्री गरम हवेत लाटेचा वेग सेकंदाला ३६७ मीटरच्या आसपास. तेवढ्या वेळात लाट ९२ सें.मी. पळते, जाणं आणि येणं दोन्ही धरून, म्हणजे लांबी ४६ सें.मी. ही लांबी व्हॉल्व्हपासून मोजायची, हेडमधला पोर्ट धरून. नुसता बाहेरचा पाइप ४६ चा कापला तर सगळं गणित खाली सरकतं, ही चूक मी दर महिन्याला बघतो. शिवाय पाइपाचं तोंड जिथं संपतं त्याच्या जरा पुढं जाऊन लाट उलटते, त्यामुळं त्रिज्येच्या ०.६ ते ०.८५ पट लांबी आपोआप वाढते, ती पण धरायची.

तीच ओढ ३००० ला पाहिजे असेल तर ९२ सें.मी. लागणार. क्रायसलरनं १९६० साली काही गाड्यांत ३० इंच लांबीचे रनर इंजिनच्या या बाजूनं त्या बाजूला नेले होते ते याचसाठी, मधल्या आरपीएमची ओढ. आपल्याकडच्या बॉनेटखाली एवढी जागा कुठली. मग काही लोक लांबी कमी करून पहिल्याऐवजी दुसऱ्या किंवा तिसऱ्या फेरीची लाट पकडतात, चालतं, पण दर फेरीला लाट मरत जाते त्यामुळं फायदा कमी. बीएमडब्ल्यूनं २००१ च्या सेव्हन सिरीजच्या व्ही-८ मध्ये तर चालू इंजिनात सलग लांबी बदलणारं मॅनिफोल्ड दिलं. टर्बोवाल्यांनी मात्र त्या फंदात पडू नये असं माझं मत, कारण खालच्या आरपीएमची ओढ टर्बोच नीट निवडून मिळते.

बूस्ट वाढवला की लाट जोरात पळते का?

नाही. लाटेचा वेग दाबावर नाही, तापमानावर ठरतो. पण बूस्ट वाढवला की हवा तापते, म्हणून गोंधळ होतो. आपल्या उन्हाळ्यातली ३५ डिग्रीची हवा घ्या, टर्बोनं दुप्पट दाबली, कॉम्प्रेसरची एफिशियन्सी ७० टक्के धरली तर बाहेर पडताना ती १३० डिग्रीच्या वर जाते. इंटरकूलर चांगला असला तर ६०-६५ वर येते. १३० डिग्रीला लाट सेकंदाला ४०० मीटरच्या थोडी वर पळते, ६३ ला ३६७. म्हणजे ४६ सें.मी.चा जो रनर ६००० ला जुळवलाय तोच इंटरकूलर तापला की ६६०० ला जुळतो. सकाळी थंडीत गाडी मस्त पळते आणि दुपारी ओढ वर सरकल्यासारखी वाटते त्यात हा पण भाग आहे, सगळा दोष ईसीयूच्या, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरच्या, मॅपला देऊ नका.

टर्बो म्हटलं की हवा दुप्पट, मग रनर पण जाड करू का?

करू नका. हवेचं वजन दुप्पट होतं, आकारमान नाही. ४०० सीसीचा सिलेंडर एका स्ट्रोकला ४०० सीसीच ओढणार, मग दाब एक बार असो नायतर दोन. ४० मि.मी.च्या रनरमधून ६००० ला हवा सरासरी ६४ मीटर सेकंदाला जाते, टर्बोनंतर पण तेवढीच. दाबातला लॉस आकड्यात वाढतो पण एकूण दाबाच्या टक्केवारीत तेवढाच राहतो. रनर जाड केला की हवेचा वेग पडतो, खालची ओढ जाते, आणि लांबी तीच ठेवली तरी जुळणी वर सरकते. जास्त आरपीएम मारायचं असेल तरच जाड करा, जास्त बूस्टसाठी नाही.

प्लेनम मोठा केला की टर्बो लॅग वाढतो म्हणे?

लॅग म्हणजे पाय दाबल्यापासून बूस्ट येईपर्यंतचा वेळ. वाढतो, पण लोक घाबरतात तेवढा नाही. हिशोब करून बघा: पाइप, इंटरकूलर आणि प्लेनम मिळून ४ लिटर जागा आहे असं धरू. एक बार बूस्ट भरायला बाहेरची ४ लिटर हवा जास्तीची लागली. १.५ लिटरचं इंजिन ३००० ला सेकंदाला साधारण ३७ लिटर हवा ओढतं, तेव्हा ही ४ लिटर म्हणजे त्याची सेकंदाच्या दहाव्या भागाची हवा. खरा वेळ जातो तो टर्बोचं चाक फिरवायला. मी प्लेनम इंजिनच्या सीसीएवढा ते दीडपट ठेवतो. त्याहून लहान केला तर एका सिलेंडरची ओढ दुसऱ्याला जाणवायला लागते, कारण लाट उलटायला नीट उघडं तोंडच मिळत नाही.

रनरचं तोंड प्लेनममध्ये बेलसारखं गोल करा, कडेची गोलाई पाइपाच्या व्यासाच्या पावपट तरी असू दे. खर्च काही नाही, लेथवर अर्ध्या तासाचं काम, आणि हे न करता पाइप तसाच कापून वेल्ड मारलेला बघितला की मला वाईट वाटतं.

माझं चार नंबरचंच पिस्टन का जळालं?

ह्या प्रश्नासाठीच हे सगळं लिहायला बसलो.

काही वर्षांपूर्वी माझ्याच हातनं एक मॅनिफोल्ड बनलं होतं. सरळ चौकोनी डबा, एका टोकाला थ्रॉटल, म्हणजे हवेची झडप, चार रनर ओळीनं. दिसायला इतकं देखणं की मी फोटो काढून ठेवला होता. गाडी डायनोवर, म्हणजे ताकद मोजायच्या मशीनवर, चांगली आली, सरासरी एअर फ्युएल (हवा आणि पेट्रोलचं प्रमाण) बरोबर. दोन महिन्यांनी गाडी टोइंग करून आली, चार नंबरच्या पिस्टनची रिंग लँड (रिंगांमधली कड) फुटलेली, प्लगवर ॲल्युमिनियमचे बारीक मणी. बाकी तीन पिस्टन नव्यासारखे.

कारण सांगतो. थ्रॉटलमधून जोरात आत आलेली हवा पहिल्या रनरच्या तोंडावरनं सरळ पुढं निघून जाते, तिला वळायला वेळ मिळत नाही, आणि डब्याच्या शेवटी भिंतीला आपटून तिथं दाब चढतो. बंद तोंडावर लाट उलटत नाही हे वर सांगितलंय, म्हणून शेवटच्या भिंतीपाशी चढीच्या लाटा पण जमतात. म्हणजे शेवटच्या, चार नंबरच्या, सिलेंडरला हवा जास्त. पण इंजेक्टर चारही सारखे, सारखाच वेळ उघडतात. म्हणून चार नंबर लीन, म्हणजे हवेच्या मानानं पेट्रोल कमी. सायलेन्सरमधला सेन्सर चौघांची सरासरी दाखवतो, एक लीन आणि बाकीचे जरा रिच (पेट्रोल जास्त) असले तरी आकडा गोंडस येतो. साध्या इंजिनमध्ये असं झालं तर थोडी पॉवर जाते, बूस्टवर पिस्टन जातं.

इंजिन मी माझ्या खर्चानं उभं केलं. तेव्हापासून माझा क्रम ठरलाय: आधी सगळ्या सिलेंडरना सारखी हवा, मग थंड हवा, मग लांबी. प्लेनम थ्रॉटलकडं मोठा आणि शेवटाकडं निमुळता करतो, शेवटच्या रनरच्या पुढं जागा ठेवतो, आणि मोठ्या बूस्टची गाडी असेल तर प्रत्येक सिलेंडरच्या एक्झॉस्टला वेगळा टेम्परेचर सेन्सर लावल्याशिवाय ट्यून करू देत नाही. ते परवडत नसेल तर निदान फुल लोडवर गाडी पळवून लगेच बंद करा आणि चारी प्लग काढून शेजारी ठेवा. एखादा बाकीच्यांपेक्षा पांढरा दिसला की थांबा.

लाट नेहमी हवा कोंबायलाच वापरायची का?

फार चांगला प्रश्न, आणि याचं उत्तर पोर्शनं २००७ च्या ९११ जीटी-२ मध्ये दिलंय. तिथं त्यांनी मॅनिफोल्ड मुद्दाम उलटं जुळवलं, जास्त आरपीएमला व्हॉल्व्ह उघडा असताना चढीची लाट न येता पसरलेली, म्हणून थंड हवा आत जाते. हवा थोडी कमी गेली ती बूस्ट वाढवून भरून काढली. दाबलेली हवा इंटरकूलरमध्ये थंड झालेली असते, पण लाटेनं शेवटच्या क्षणी कोंबलेली हवा तापते ती थंड करायला पुढं काहीच नसतं, नॉकिंग, म्हणजे मिश्रण वेळेआधी आपोआप पेटून ठोके बसणं, तिथंच सुरू होतं. थंड हवा गेली की इग्निशन पुढं घेता येतं, म्हणजे ठिणगी लवकर देता येते. ३.६ लिटरच्याच इंजिनातून त्यावेळच्या ९११ टर्बोला ४८० हॉर्सपॉवर होती, जीटी-२ ला ५३०. सगळा फरक मॅनिफोल्डचाच नव्हता, टर्बो पण वेगळे होते, पण विचार बघा किती सुंदर आहे. ज्यांना नॉकिंगचाच अडसर आहे, आणि आपल्याकडच्या पेट्रोलवर बहुतेकांना तोच असतो, त्यांनी सगळ्यात जास्त हवा कोंबणारी लांबी शोधत बसू नये.

सर, आमच्या फॉर्म्युला कारला २० मि.मी.चा रिस्ट्रिक्टर आहे, टर्बो लावून उपयोग होतो का?

रिस्ट्रिक्टर म्हणजे स्पर्धेच्या नियमानं हवेच्या वाटेत घातलेलं बारीक भोक. त्याच्या मर्यादेच्या पलीकडं जाता येत नाही, पण मर्यादेपर्यंत लवकर पोचता येतं. २० मि.मी.च्या भोकात हवा आवाजाच्या वेगाला पोचली की चोक होते, पुढं कितीही ओढा. समुद्रसपाटीला थंड हवेत ती मर्यादा सेकंदाला ७५ ग्रॅमच्या आसपास, सांगलीत ५५० मीटर उंचीवर ३५ डिग्रीच्या दुपारी हिशोबानं ६९ च्या आसपास येते, तेव्हा इथं घेतलेले आकडे तिकडच्या रिपोर्टशी ताडून निराश होऊ नका. तुम्हाला मिळणारी खरी गोष्ट म्हणजे प्लेनम. रिस्ट्रिक्टरला धक्के मारत ओढलं तर मधल्या क्षणांत तो रिकामा बसतो, एकसारखं ओढलं तर पूर्ण वेळ वाहतो. म्हणून टर्बो असो वा नसो, रिस्ट्रिक्टर आणि व्हॉल्व्हच्या मध्ये धक्के गिळणारी जागा पाहिजे. मोठ्या उपसा लाइनवर दणका गिळायला एअर वेसल बसवतात, काम तेच.

ट्रॅक्टरला असं ट्यून केलेलं मॅनिफोल्ड बनवून देता का? दोन ट्रॉल्या ओढायच्यात.

नाही देत, आणि काका, कुणी देतो म्हणाला तरी पैसे घालू नका. २००० आरपीएमला ९० डिग्री म्हणजे ७.५ मिलिसेकंद, तेवढ्यात लाट २.७ मीटर पळते, म्हणजे रनर १.३५ मीटरचा पाहिजे. बसवणार कुठं? म्हणून डिझेलची मॅनिफोल्डं आखूड असतात आणि तिथं पोर्टमध्ये हवा घुसळण्यावर भर असतो. सहा सिलेंडरच्या मोठ्या ट्रकच्या इंजिनात मात्र एक छान युक्ती असते, तीन-तीन सिलेंडरचे गट करून प्रत्येक गटाला वेगळा डबा, म्हणजे त्या डब्याला बरोबर २४० डिग्रीनं एक ओढ बसते आणि डबा त्या तालाला घुमतो. मिरजेत सतार बनवताना बघितलीय का, वरची तार छेडली की खालची तरफेची तार न छेडता वाजते, तसं.

ट्रॅक्टरला खरं दुखणं दुसरंच असतं. ५० एचपीच्या वरच्या ट्रॅक्टरना २०२३ पासून ट्रेम-४ चे धुराचे नियम लागले, कॉमन रेल (जास्त दाबाची डिझेल इंजेक्शन पद्धत) आणि ईजीआर (थोडा धूर परत इंजिनात सोडणं) तिकडं पण आलं. ईजीआरची काजळी आणि ब्रीदरचं, म्हणजे इंजिनच्या श्वासाच्या नळीतलं, तेल एकत्र झालं की मॅनिफोल्डमध्ये डांबरासारखा थर बसतो, ४० चं भोक ३० चं होतं. गळीत हंगामाच्या आधी मॅनिफोल्ड उतरवून साफ करा, नवं पॅकिंग टाका, इंटरकूलरचे होज बघा. तुमची ओढ तिथं अडकलीय.

थ्रॉटल सोडला की तो छूछूछू आवाज चांगला का वाईट?

थ्रॉटल एकदम बंद झाला की येणारी हवा बंद दारावर आपटते, चढीची लाट मागं कॉम्प्रेसरपर्यंत जाते आणि चाकाच्या पात्यांवरनं हवा उलटी फिरते, तो आवाज त्याचा. कमी बूस्टला फार बिघडत नाही, जास्त बूस्टला थ्रस्ट बेअरिंगवर मार बसतो. ही अडकलेली हवा सोडून देणारा ब्लो ऑफ व्हॉल्व्ह थ्रॉटलच्या जवळ लावा. साध्या डिझेलला वेग कमी करायला थ्रॉटल मिटावा लागत नाही, म्हणून त्याला ब्लो ऑफ व्हॉल्व्ह लागत नाही, नुसत्या आवाजासाठी लावू नका.

मॅप सेन्सरची नळी कुठनं घ्यायची?

मॅप सेन्सर म्हणजे मॅनिफोल्डमधला दाब मोजणारा सेन्सर. त्याची नळी प्लेनममधनं, थ्रॉटलच्या झोतापासून लांब. रनरमधनं घेतली तर लाट मोजली जाते, बूस्ट नाही.

महाबळेश्वरला गाडी दमते, टर्बो असून?

वर साधारण १३५० मीटरला हवेचा दाब ०.८६ बारच्या आसपास, सांगलीत ०.९५. आत दोन बार पूर्ण दाब ठेवायचा तर इथं टर्बोला २.१ पट दाबावं लागतं आणि तिथं २.३ पट. चाक जास्त फिरतं, हवा जास्त तापते, पसरणीचा घाट दुसऱ्या गिअरमध्ये चढताना इंटरकूलरला वारा पण कमी. खंबाटकीपेक्षा पसरणीला जास्त त्रास होतो तो यामुळं.

कंपनीचं प्लास्टिकचं मॅनिफोल्ड काढून ॲल्युमिनियमचं टाकू का?

कंपनीनं दिलेल्या बूस्टवर गाडी असेल तर नको. आतनं गुळगुळीत असतं, इंजिनची उष्णता कमी घेतं. फोक्सवॅगनच्या १.० टीएसआयमध्ये तर पाण्याचा इंटरकूलर मॅनिफोल्डच्या आतच बसवलाय, मधली पाइपाची जागाच वाचवली, ते काढून तुम्ही मागं जाल. बूस्ट खूप वाढवणार असाल तर प्रश्न ताकदीचा येतो. ३० बाय १० सें.मी.ची एक सपाट भिंत घ्या, एक बार बूस्टला तिच्यावर साधारण ३०० किलोचा जोर. सपाट भिंत फुगते, आत-बाहेर करत राहते आणि वेल्डच्या कडेला तडा जातो. गोल आकार करा, नायतर आतनं ताण द्या.

आणि मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणं कंपनीच्या मूळ नोंदीपेक्षा वेगळा बदल रस्त्यावरच्या गाडीत करता येत नाही. ट्रॅकची गाडी वेगळी, कामावर जायची गाडी वेगळी.

बनवून घेतल्यावर घरी नेण्याआधी काय बघू?

फ्लँज काचेवर ठेवून बघा, वेल्डिंगनं वाकते, वाकली असेल तर फेस मारून घ्या. आतनं वेल्डचे मणी सुटे राहिलेत का हात घालून बघा, टर्बोच्या गाडीत तो एक मणी थेट व्हॉल्व्हवर जातो. रनरच्या आणि हेडच्या पोर्टच्या कडा जुळतात का ते पॅकिंग ठेवून बघा, एक मिलिमीटरची पायरी सुद्धा नको. दाबाची चाचणी हवेनं नाही, आतनं पाणी भरून पंपानं करा, कारण दाबलेली हवा फुटली की तुकडे उडतात, पाणी नुसतं गळतं. वापरायच्या बूस्टच्या दीडपट दाब, दहा मिनिटं, काटा हलता कामा नये. मग वाळवून गाडीवर चढवा, होजच्या क्लॅम्पवर साबणाचं पाणी मारून इंजिन बंद असतानाच अर्धा बार हवा सोडा, पंक्चरवाला ट्यूब बघतो तसं, बुडबुडा दिसला तर आधी तो बंद करा, मगच चावी मारा.